टाकीचं झाकण

माझे बाबा ट्रक दुरुस्त करायचे. अकोल्याहून बाळापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, वस्ती विरळ होत जाते तिथे, त्यांचं एका शटरचं गॅरेज होतं आणि त्याच्या मागे आमच्या दोन खोल्या. गॅरेजला पाटी नव्हती. ज्याची गाडी बंद पडते तो विचारत विचारत येतोच, पाटी कशाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. मूर्तिजापूरपासून खामगावपर्यंतचे ड्रायव्हर त्यांना ओळखत. कोणी मिस्तरी म्हणे, कोणी उस्ताद. नावाने हाक मारणारी फक्त माझी आई होती, आणि तीही भांडणातच मारायची.

त्यांची एक पद्धत होती. चालू न होणारी गाडी आली की ते आधी गाडीकडे बघायचेच नाहीत. ड्रायव्हरला आडव्या टाकलेल्या टायरवर बसवायचे, समोरून चहा मागवायचे आणि तीन गोष्टी विचारायचे. शेवटी नीट कवा चालली? त्याच्यानंतर नवीन काय केलं? अन् काय केलं म्हणजे थोडी बरी होते? एवढं विचारून ते गप्प बसत. ड्रायव्हरला घाई असे. "मिस्तरी, पाना तं घ्या हातात," तो कुरकुरायचा. बाबा हलत नसत. मला एकदा म्हणाले होते, "ड्रायव्हर पयले खोटं सांगते, मंग अर्धं खरं सांगते. चहा संपला का खरं निंगते. आपल्याले तवरीक बसता आलं पाह्यजे."

मला बसता येत नसे. शाळेतून आले की मी त्याच गॅरेजच्या कोपऱ्यात अभ्यास करायची, वह्यांना डिझेलचा वास लागायचा आणि वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. बाबांच्या काळ्या नखांची मला लाज वाटायची हे आता कबूल करायला हरकत नाही. शिकून मी अमरावतीला शाळेत लागले, राजापेठेत एक खोली घेतली आणि महिन्यातून एकदा अकोल्याला यायला लागले. आई गेल्यावर दोनदा. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे बरेच होते. त्यांच्यासाठी माझ्याकडे दर वर्षी वेगळं उत्तर तयार असे.

मग बाबांना लकवा मारला.

उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, "हां". पाणी पाहिजे का, हां. पाणी नको का, हां. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. मी मान डोलावली. पण ज्याला समजतं त्याच्याशी बोलायचं असतं, हे माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. भेटायला येणारे त्यांच्या उशाशी बसून माझ्याशी बोलत. "जेवण घेतात का? रात्री झोप लागते का?" आणि मी त्यांच्या वतीने फटाफट उत्तरं देई. मास्तरीण ना. वर्गात पोरं गप्प बसली की मीच प्रश्न विचारते आणि मीच उत्तर सांगते, ती खोड घरीही होतीच.

सोमवार ते शनिवार शेजारच्या एक काकू त्यांचं बघायच्या, शनिवारी दुपारच्या गाडीने मी यायची. पहिल्या महिन्यात एकदा बाबा भिंत धरत धरत बाहेर गेले आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कोणाच्या तरी ट्रकखाली शिरायला वाकले. पडले. कपाळाला तीन टाके पडले. त्या दिवशी मी गॅरेजचं शटर ओढून आतून कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा एक कार्यक्रम ठरला. मागच्या खोलीतून भिंत धरत गॅरेजमध्ये यायचं, अंधारात टायरवर बसायचं आणि डाव्या तळहाताने शटर वाजवायचं. जोरात नाही, पण थांबायचंही नाही. त्यांना शटर उघडून पाहिजे होतं, एवढी एकच गोष्ट पाहिजे होती, आणि ती कळायला वाचा लागत नव्हती. मी आतून ओरडायची, "बाबा, पुरे." काकू म्हणायच्या, जाऊ दे बापा, थकले का बसतीन. ते थकत आणि बसत.

पाच महिने असे गेले. काकूंना लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं, माझ्या रजा संपत आल्या होत्या. मी ठरवून टाकलं. बाबांना अमरावतीला न्यायचं आणि गॅरेजची जागा भाड्याने द्यायची. बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान टाकणारा एक जण तयार होता. त्या वर्षांत आमच्याकडे कापूस बुडत होता, पण कापसाच्या औषधांची दुकानं चौकाचौकात उगवत होती. त्याला शनिवारी किल्ली द्यायची होती. त्यासाठी मी आठवडाभर रजा टाकून आले होते. गुरुवारी मी बाबांचे पाने, जॅक, पक्कडी तीन पोत्यांत भरून भंगारवाल्यासाठी बाजूला काढून ठेवले. हे सगळं बाबांना सांगायचं होतं. मी दोनदा त्यांच्यासमोर बसले आणि दोन्ही वेळा चादर नीट करून उठले. पोत्यांकडे बघून त्यांना कळलंच होतं, तरी सांगायला तोंड पाहिजे, ते मला झालं नाही.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला बाहेर एक ट्रक घरघरायला लागला.

स्टार्टर फिरत होता आणि इंजिन लागत नव्हतं. लहानपणापासून तो आवाज ऐकलेला, त्यामुळे भात टाकता टाकता मी नकळत मोजायला लागले. दहा सेकंद, थांबा. दहा सेकंद, थांबा. आत बाबांचा तळहात शटरवर पडायला लागला, आणि त्या दिवशी तो रोजचा नव्हता. शटरचा पत्रा धडधडत होता.

मी मागच्या दाराने वळसा घालून रस्त्यावर गेले. सरकीच्या ढेपीची पोती लादलेला जुना ट्रक, बाळापूरकडे तोंड करून, बरोबर आमच्या समोर. ड्रायव्हर पंचेचाळिशीचा, दाढी मेंदीने रंगवलेली, सोबत क्लीनर नाही. रस्त्यापलीकडचा मेकॅनिक आधीच येऊन बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. बाबांच्या आजारपणानंतर त्याचं काम वाढलं होतं. माणूस वाईट नव्हता, फक्त हात लवकर चाले.

"पंप उतरवा लागते," तो म्हणाला. "डिझेल उचलूनच नाई राह्यला. पंप खोलू, अकोल्यात कॅलिब्रेट करून आणू. दोन दिवस धरा."

"दोन दिवस?" ड्रायव्हर म्हणाला. "ढेप आज उतरवाची हाये. उस्तादले दाखवतो ना पयले. यायच्याच गॅरेजवर तं आणत होतो, इथंच बंद पडली."

मेकॅनिक हसला. "उस्ताद आता काय पायतीन? तेच खाटेवर हायेत."

मला राग आला. तो बोलला ते खोटं नव्हतं, म्हणूनच आला. मीच बाबांचे पाने पोत्यात भरले होते, तरीही मला दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं. मी घरात जाऊन पर्समधली किल्ली काढली आणि शटरचं कुलूप उघडलं. बाबांवरच्या मायेने उघडलं असं लिहायला मला आवडलं असतं. त्या मेकॅनिकची जिरवायला उघडलं.

शटर वर गेलं आणि बाबा उजेडात डोळे मिचकावत बसलेले दिसले. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली. ती मीच लावली होती.

ड्रायव्हर बघतच राहिला. "ताई, मले मालूमच नोतं," तो मला म्हणाला. मग हळूच विचारलं, "यायले समजते का?"

"समजते," मी म्हटलं, "तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त."

बाबांनी डावा हात उचलला. ड्रायव्हरकडे बोट केलं, मग समोरच्या टायरकडे. मग हाताचा पेला करून ओठांना लावला. मला वाटलं पाणी पाहिजे. मी पाणी आणलं तर त्यांनी पेला बाजूला सारला आणि पुन्हा तेच केलं, ड्रायव्हर, टायर, पेला. मग माझ्याकडे बोट केलं आणि तीन बोटं दाखवली.

तेव्हा मला कळलं. मी ड्रायव्हरला टायरवर बसवलं आणि चहा सांगितला. बाहेर मेकॅनिक पान्यावर पाना आपटत उभा होता. मी स्टूल घेऊन बसले आणि तोंडी परीक्षा घेतात तशा आवाजात विचारलं, "गाडी शेवटी नीट कवा चालली?"

"दिवाळीच्या आधी," ड्रायव्हर म्हणाला.

"त्याच्यानंतर गाडीले नवीन काय केलं?"

"काही नाई ताई. कायले करतो? धंदाच कुठी हाये? कापसाच्या गाठी नाईत, भाडे नाईत. दोन महिने गाडी नुसती उभी होती."

"मंग काय केलं म्हणजे थोडी बरी होते?"

तो गप्प. मी लगेच पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर बाबांनी हात आडवा केला. थांब. मी थांबले. चहा आला. ड्रायव्हरने बशीत ओतला, फुंकला, प्यायला. बाबा त्याच्याकडे बघत होते, घाई नसलेल्या माणसासारखे. मला आठवतं की पाच महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यात लकवा दिसला नाही.

बशी खाली ठेवून ड्रायव्हर बोलायला लागला. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर झकास चालते, मग घुटमळते, ओढ कमी होते आणि बंद पडते. कुठला तरी मिस्तरी येतो, काडी घालून टाकीतलं डिझेल बघतो, हातपंप मारून लाइनमधली हवा काढतो, की लागली. पुन्हा पंचवीस किलोमीटर. आज या मेकॅनिकने टाकी बघितली नाही, कारण सकाळीच पेट्रोलपंपावर फुल केली होती. नुसती हवा काढली आणि लागली नाही.

"अन् एक गंमत सांगू का ताई," तो म्हणाला, "टाकी कमी असली तं जरा जास्त चालते. फुल केली का लवकरच बसते. असं कुठी असते का? पोट भरल्यावर माणूस झोपते, गाडी काहून झोपन?"

बाबा ताठ झाले. त्यांनी डाव्या हाताने स्वतःचं नाक दाबलं, तोंड घट्ट मिटलं आणि माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले. चेहरा लाल व्हायला लागला.

दुसरा झटका, हेच डोक्यात आलं. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. "बाबा," मी ओरडले आणि त्यांचा हात नाकावरून ओढून काढला. त्यांनी मोठा श्वास घेतला, मान झटकली आणि पुन्हा नाक दाबलं. मी पुन्हा हात ओढला. ड्रायव्हर ऑटो थांबवायला रस्त्यावर धावला. मेकॅनिक जवळ येऊन म्हणाला, "ताई, दवाखान्यात न्या, कायले त्रास देता म्हाताऱ्याले."

बाबांनी तिसऱ्यांदा नाक दाबलं. मी त्यांचं मनगट पकडून चार लोकांसमोर त्यांना झापलं, "काय लेकरावानी करून राहिले? सोडा."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि माझ्या मनगटावर फटका मारला. जोरात. मी मोठी झाल्यावर त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, लहानपणीही नाही. त्यांचे डोळे भरले होते. दुखण्याने भरलेले नव्हते, हे माझ्यासारख्या ठोंबीलाही दिसलं. ते रागाने भरले होते. पाच महिने दार वाजवणाऱ्या माणसाचा राग.

मी मटकन पोत्यांवर बसले. पोत्यातल्या पान्यांना डिझेलचा तो जुना वास होता, वह्यांना लागायचा तोच.

मी सात-आठ वर्षांची असेन. आईने मला रॉकेलच्या पिंपातून स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायला सांगितलं होतं. धार थोडी यायची, गटकन थांबायची, पुन्हा यायची. मी पिंप हलवत होते, बाबा बघत होते. त्यांनी खिळा आणून पिंपाच्या वरच्या पत्र्याला दुसऱ्या कोपऱ्यात एक भोक पाडलं आणि धार सरळ लागली. मग त्या भोकावर त्यांनी अंगठा ठेवला. धार बंद. अंगठा काढला, धार चालू. मला काही समजलं नाही, तेव्हा त्यांनी हसत माझं नाक चिमटीत धरलं, दुसऱ्या हाताने तोंड झाकलं आणि म्हणाले, "आता घे श्वास. नाई घेता येत ना? पिंपालेही नाई येत. हवा आत गेल्याबिगर आतलं बाहेर येत नाई."

मी उठले. ऑटो थांबवून आलेल्या ड्रायव्हरला म्हटलं, "ऑटो जाऊ द्या. टाकीले काही नवीन केलं का तुमी? गाडीले नाई, टाकीले."

तो मान खाली घालून म्हणाला, "टाकीले केलं थोडंसं."

केलं होतं ते असं. दिवाळीनंतर गाडी बाळापूरच्या बाहेर एका शेताच्या धुऱ्यावर, बांधाला लागून, उभी असायची. तेव्हा आमच्याकडे दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे, आणि विहिरीवर डिझेलचं इंजिन लावल्याशिवाय पाणी निघत नसे. ज्याच्या पिकाला पाणी पाहिजे तो नळी आणि डबा घेऊन फिरत असे. दोनदा याची टाकी रिकामी झाली. "पाण्यासाठीच नेलं असन कोणं," तो म्हणाला, "पिणाऱ्यानं नाई नेलं. तक्रार काय करतो? वयखीचाच कोणी असन." त्याने तक्रार केली नाही, टाकीचं तोंड बांधलं. झाकणावर युरियाच्या गोणीतलं जाड प्लास्टिक दुहेरी घातलं, त्यावर ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून आवळल्या आणि वरून साखळी आणि कुलूप. सोडायला दहा मिनिटं लागत, इतकं पक्कं. चोराला तेवढा दम नसतो, असा त्याचा हिशेब.

आणि झाकणाला हवेसाठी जे बारीक भोक असतं, ते त्याखाली गुदमरलेलं.

"पंपावर उघडतान फुस्स आवाज येत नाई?" मी विचारलं.

"येते ना. मले वाटे गरमी हाये."

आम्ही टाकीपाशी गेलो. मेकॅनिकही आला. कुलूप निघालं, साखळी निघाली, पट्ट्या एकेक करून सुटल्या, आणि झाकणाने लांब श्वास ओढला. आत चेपलेला टाकीचा पत्रा धप्पकन जागेवर आला. मेकॅनिक दोन पावलं मागे सरकला. मग त्याने स्वतःच हातपंप मारला, हवा काढली आणि ड्रायव्हरला वर बसायला सांगितलं. स्टार्टर फिरला. सायलेन्सरमधून आधी पांढरा धूर आला, मग काळा, आणि गाडी लागली. चांगली दणक्यात लागली.

मी वळून बघितलं. बाबा टायरवर बसून आवाज ऐकत होते, मान थोडी कलती करून, पूर्वीसारखी. मग त्यांनी बोटाने हवेत ठोकून दाखवलं. पोत्यातून मी हातोडी आणि खिळा शोधून काढला आणि त्या प्लास्टिकला मधोमध, झाकणाच्या भोकावर येईल असं भोक पाडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गॅरेजमध्ये हातोडी धरली होती. बाबांनी ते हातात घेऊन बघितलं, मला परत दिलं आणि दोन बोटं दाखवली. मी दुसरं पाडलं.

जायच्या आधी ड्रायव्हर आला आणि बाबांच्या समोर उकिडवा बसला. "उस्ताद," तो म्हणाला, "बाळापूरवरी नीट जाईन ना?"

मी "जाईल ना" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो बाबांकडे बघत थांबला होता. मागे गाडी चालू, रस्त्यावरून एसटी गेल्या, दोन बैलगाड्या गेल्या, तो थांबलाच. बाबांचा जबडा हलला, मान थरथरली, गळ्यातून नुसतीच हवा आली. ड्रायव्हर थांबला. शेवटी बाबा म्हणाले, "हां."

"बस्स मंग," तो म्हणाला, त्यांच्या निर्जीव हाताला हात लावून कपाळाशी नेला आणि गेला.

पाच महिन्यांत त्यांना विचारून उत्तरासाठी थांबलेला तो पहिला माणूस. मी त्या दिवशी मागच्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. भात करपला होता, तोच आम्ही दोघांनी खाल्ला.

कोणाला वाटेल की मग मी दुकानवाल्याला नाही म्हटलं, शटर उघडं ठेवलं. तसं झालं नाही. शुक्रवारच्या त्या ट्रकने काकूंच्या लेकीचं बाळंतपण थांबत नव्हतं आणि माझी नोकरी अकोल्याला येत नव्हती. फरक एवढाच की मी त्या संध्याकाळी बाबांसमोर चहा घेऊन बसले आणि सगळं सांगितलं. दुकान, किल्ली, अमरावती. मग विचारलं, "चालते का बाबा?" आणि थांबले. माझा चहा संपला. त्यांच्या पेल्यात साय धरली. ते काही बोलले नाहीत. "हां"सुद्धा नाही. शनिवारी सकाळी ते गॅरेजमध्ये गेले नाहीत. शटर वाजलं नाही, आणि मला ते वाजायला पाहिजे होतं.

राजापेठेतली माझी खोली दुसऱ्या मजल्यावर. समोर शिकवणी वर्ग, खाली दुकानं, दिवसभर दुचाक्यांचा कलकलाट. मी शाळेत जाताना त्यांना गॅलरीत खुर्चीवर बसवायची आणि बाहेरून कुलूप लावायची. पुन्हा कुलूपच. संध्याकाळी आले की ते तिथेच असत, मान कलती करून, खालच्या गाड्या ऐकत. हजार गाड्या, आणि एकही त्यांच्याकडे येणार नव्हती. मी चहा करायची, समोर बसायची आणि तीन प्रश्न विचारायची. बाबा, शेवटी नीट कवा वाटलं? त्याच्यानंतर काय झालं? काय केलं म्हणजे थोडं बरं वाटन? मग गप्प बसायची. कधी ते अकोल्याच्या दिशेला बघत, कधी माझ्या हातावर हात ठेवत. उत्तर मिळे असं नाही. पण मला बसता यायला लागलं होतं. त्या शहरात त्यांना माझ्याशिवाय आणि मला त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. एप्रिल महिना होता, रविवार, दुपारचे चार. वीज गेलेली. बाबा गॅलरीत, मी आत वह्या तपासत. खाली पाण्याच्या कॅनचा टेम्पो चालू होत नव्हता. घरघर, थांबा. घरघर, थांबा. मी सहज बाहेर बघितलं तर बाबांनी डाव्या हाताने नाक दाबलं होतं. तोंड घट्ट मिटलेलं, डोळे माझ्याकडे.

मला इतका आनंद झाला. दोन महिन्यांनी ते काही तरी सांगत होते, आणि या वेळी मला एका दमात समजलं होतं. मी त्यांचा हात ओढला नाही, ओरडले नाही. "समजलं बाबा," मी म्हटलं, "सांगतो त्याले," आणि चपला न घालताच दोन मजले उतरले.

डॉक्टर नंतर म्हणाले की दहा मिनिटं आधी कळलं असतं तरी काही फरक पडला नसता. डॉक्टर चांगले आहेत, ते असं म्हणणारच.

टेम्पोवाल्याला मी टाकीचं झाकण उघडायला लावलं. तो हसला, पण मास्तरणीचा मान ठेवून त्याने उघडलं. फुस्स झालं नाही. झाकण साधं, भोक मोकळं. "मॅडम, बॅटरी उतरली हाये," तो म्हणाला. शिकवणीच्या पोरांनी धक्का दिला आणि कोपऱ्यावर टेम्पो लागला.

मी वर आले. बाबांचा हात नाकावरून मांडीवर आला होता, मान कलती होती, टेम्पो गेला त्या बाजूला.

"बाबा, तुमचं चुकलं आज," मी म्हटलं. "बॅटरी होती." आणि त्यांच्यासमोर बसून उत्तराची वाट बघत राहिले.